'ती' गोळी शरीरात गेल्यावर नेमकं काय करते

मेडिकलच्या काउंटरवर ज्या गोळीचं नाव कुणी मोठ्याने घेत नाही ती ही, लिंगाला ताठरता यावी म्हणून घेतात ती सिल्डेनाफिल, लोक जिला व्हायग्रा म्हणून ओळखतात. कुणी मोबाईलवर स्ट्रिपचा फोटो दाखवतो, कुणी जुन्या पाकिटाचा तुकडा पुढे सरकवतो, कुणी नुसतं "ती शंभरवाली" म्हणून इकडेतिकडे बघतो. मी फार्मासिस्ट आहे, दुकान तालुक्याच्या गावात, आणि ही गोळी देताना जेवढं सांगायला हवं तेवढं काउंटरवर सांगताच येत नाही, मागे कुणीतरी लहान मुलाचं खोकल्याचं औषध घ्यायला उभं असतं आणि समोरच्याला कधी एकदा पाकीट खिशात टाकून निघतो असं झालेलं असतं. लाज वाटते त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, ती वाटणारच. पण लाजेमुळे माणूस प्रश्न विचारत नाही आणि गोळी मात्र घेतो, ह्याची मला खरंच काळजी वाटते. म्हणून हे सगळं निवांत लिहून काढतोय.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की ही गोळी इच्छा वाढवत नाही. ताकद वाढवत नाही, वीर्य वाढवत नाही, साईज वाढवत नाही, हार्मोन तर अजिबात नाही. आणि ती स्वतःहून ताठरता आणतच नाही. शरीराने जे काम सुरू केलेलं असतं ते ती लवकर बंद पडू देत नाही, बस्स एवढंच. हे एक वाक्य नीट कळलं ना की बाकी सगळं त्यातूनच सुटत जातं, कुणाला गोळी लागू पडत नाही ती का, डोकं का दुखतं, हार्टच्या पेशंटला ती जिवावर का बेतू शकते, सगळं.

आता शरीर स्वतः हे काम कसं करतं ते बघू. लिंगाच्या आत लांबीभर दोन नळकांड्या असतात, त्यांच्या आत बारीक बारीक पोकळ्या, आणि त्या पोकळ्यांच्या भिंतींत स्नायू असतात. हे हातापायाचे स्नायू नाहीत, आपण ठरवून हलवता येत नाहीत, आतड्यात किंवा रक्तवाहिन्यांच्या भिंतीत असतात तसल्या जातीचे. गंमत म्हणजे लिंग सैल असतं तेव्हा हे आतले स्नायू सैल नसतात, उलट आवळून धरलेले असतात, म्हणूनच रक्त जेमतेम येतं आणि निघून जातं. ताठ व्हायचं असेल तर ह्या स्नायूंनी सैल पडायला हवं. लोकांना वाटतं जोर लावायचा असतो, शरीराला मात्र तिथे जोर सोडून द्यायचा असतो. मला विचाराल तर ह्या अख्ख्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

तर होतं असं. मनात काहीतरी सुरू होतं किंवा स्पर्श होतो, मेंदूकडून निरोप मणक्याच्या अगदी खालच्या टोकाशी येतो आणि तिथून निघणाऱ्या नसांमधून लिंगापर्यंत पोचतो. तिथे नसांच्या टोकांशी आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साईड नावाचा वायू तयार होतो. हो, वायूच, आपलं शरीर स्वतः बनवतं तो आणि तो जेमतेम काही सेकंद टिकतो. तेवढ्यात तो स्नायूंच्या पेशीत शिरतो आणि तिथलं एक एन्झाइम, म्हणजे पेशीतली रासायनिक कामं करणारं प्रथिन, जागं करतो, ते एन्झाइम सायक्लिक जीएमपी नावाचा पदार्थ बनवायला लागतं. ह्या पदार्थामुळे पेशीतलं कॅल्शियम कमी होतं, आणि स्नायू आवळायला कॅल्शियमच लागतं, त्यामुळे कॅल्शियम उतरलं की स्नायू सैल पडतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, पोकळ्यांमध्ये रक्त धो धो शिरतं, नळकांड्या फुगतात. त्यांच्यावर बाहेरून एक चिवट आवरण असतं जे एका मर्यादेपलीकडे ताणलं जात नाही, मग रक्त परत नेणाऱ्या शिरा त्या आवरणाखाली दाबल्या जातात आणि आत आलेलं रक्त बाहेर पडू शकत नाही. ताठरता म्हणजे हे अडकून राहिलेलं रक्त.

पण हे कायम असंच राहून चालणार नाही ना, म्हणून शरीराने आवरायची सोयही करून ठेवलीय. त्याच पेशींमध्ये पीडीई-फाईव्ह नावाचं दुसरं एन्झाइम असतं, त्याचं काम एकच, सायक्लिक जीएमपी दिसला की तो मोडायचा. तो संपला की कॅल्शियम परत वाढतं, स्नायू पुन्हा आवळतात, रक्त निघून जातं.

घरच्या हौदाचं उदाहरण घ्या, पुढेही हेच वापरतो. नायट्रिक ऑक्साईड म्हणजे नळ. सायक्लिक जीएमपी म्हणजे हौदातलं पाणी. आणि पीडीई-फाईव्ह म्हणजे हौदाच्या तळाचं भोक, ज्यातून पाणी सतत वाहून जातंय. तरुण तब्येतीच्या माणसाचा नळ इतका जोरात असतो की खालून गळलं तरी हौद भरतो. वय झालं, शुगर आली, बीपी आलं, सिगारेट आहे, तर नळाची धार बारीक होते आणि खालून तेवढंच वाहत राहतं, हौद काही भरत नाही. गोळी काय करते तर त्या भोकाला बूच लावते. सिल्डेनाफिलचा रेणू दिसायला काहीसा सायक्लिक जीएमपीसारखाच असतो, तो एन्झाइमच्या नेमक्या जागेवर जाऊन बसतो आणि एन्झाइमला खऱ्या पदार्थाला हात लावायला जागाच उरत नाही. बारीक धारेनेही मग हौद भरतो.

पण नळच बंद असेल तर? बूच लावून काय होणार, कोरडा हौद कोरडाच राहील. म्हणून गोळी घेऊन टीव्ही बघत बसलात तर काहीही होत नाही. बरेच जण येऊन सांगतात, तासभर थांबलो काहीच झालं नाही, गोळी डुप्लिकेट होती. गोळी बहुतेक वेळा चांगलीच असते, पण इच्छा, जवळीक, स्पर्श हे सगळं आधी लागतं, त्यानेच नळ सुटतो.

आणि नळ बंद करणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे भीती. "आज होईल ना" ही एक धास्ती पुरते. घाबरलं की शरीर ॲड्रेनलिनच्या जातीची रसायनं सोडतं आणि तीच तर त्या आतल्या स्नायूंना आवळून धरतात. नवीन लग्न झालेली मुलं ह्यात अडकतात, पहिल्या रात्री जमलं नाही, मग दुसऱ्या वेळी जास्त टेन्शन, टेन्शनमुळे परत नाही, असं करत चक्र सुरू होतं. अशा मुलाची शारीरिक यंत्रणा ठीक आहे की नाही हे ओळखायची एक साधी खूण आहे, झोपेत किंवा सकाळी जाग येताना ताठरता येते का. निरोगी पुरुषाला रात्रीत साधारण 3 ते 5 वेळा झोपेतच ती येत असते, त्याला कळतही नाही. ती येत असेल तर नसा, रक्तवाहिन्या, सगळं जागेवर आहे, अडचण बहुतेक मनाच्या बाजूची आहे, आणि तिथे कधी थोडे दिवस गोळीचा आधार आणि कधी नुसतं समुपदेशन पुरतं. हे डॉक्टरने ठरवायचं, मित्राने नाही.

ही गोळी सापडली कशी तेही सांगतो कारण त्यात पुढच्या धोक्याचं मूळ आहे. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात सँडविच नावाचं गाव आहे, तिथल्या फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत 1989 च्या सुमाराला हे औषध तयार झालं, नाव होतं यूके-92480. औषध शोधत होते ते छातीत दुखण्यावर, म्हणजे अँजायनावर. विचार असा की पीडीई-फाईव्ह बंद केलं तर हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावतील. चाचण्यांमध्ये हृदयासाठी फारसा उपयोग दिसला नाही, पण औषध घेणारे पुरुष ताठरता येते असं सांगायला लागले. संशोधकांनी ती तक्रार बाजूला टाकली नाही, धागा धरला, आणि 27 मार्च 1998 ला अमेरिकेत व्हायग्रा ह्या नावाने परवानगी मिळाली. त्याच वर्षी नायट्रिक ऑक्साईडवरच्या कामासाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुईस इग्नारो आणि फरीद मुराद ह्या तिघांना नोबेल मिळालं. आपल्याकडे तेव्हा औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीवर मिळायचं, त्यामुळे भारतीय कंपन्यांनी 2001 मध्येच स्वतःचे ब्रँड बाजारात आणले, मूळ व्हायग्रा इथे आलं ते 2005 संपता संपता. आज ही गोळी आपल्याकडे इतकी स्वस्त मिळते त्याला हेही एक कारण आहे.

बाजारात मुख्य दोन आहेत, सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल. सिल्डेनाफिल 25, 50, 100 मिलिग्रॅममध्ये येते, अर्धा ते एक तासात चढते, चारेक तासांनी रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. मटणाचं, तळलेलं, तुपातलं भरपेट जेवून घेतली तर पोटातून शोषली जायला तासभर उशीर होतो आणि चढतेही कमी, हे फार लोकांना माहीत नसतं, लग्नाच्या वाढदिवसाला हॉटेलात जेवून आले आणि मग गोळी घेतली की ती वाया गेल्यातच जमा. टाडालाफिलला जेवणाने फरक पडत नाही आणि ती टिकते खूप, निम्म्यावर यायला साडेसतरा तास, परिणाम 36 तासांपर्यंत राहतो. म्हणजे 36 तास ताठरता नव्हे हां, 36 तास बूच लागलेलं, नळ सुटला तर हौद भरेल एवढंच. हिचा 5 मिलिग्रॅमचा रोजचा डोसही असतो, आणि तोच प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढून लघवीला त्रास होणाऱ्यांनाही देतात, म्हणून आजोबांच्या औषधात ती दिसली तर लगेच भलतं समजू नका. व्हार्डेनाफिल, अव्हानाफिल, युडेनाफिल हीसुद्धा त्याच घराण्यातली.

सरळ शंभरवाली मागणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. सुरुवात साधारण 50 ने करतात, वय 65 च्या वर असेल किंवा लिव्हर, किडनीचा मोठा त्रास असेल तर 25 ने. भोकाला बूच एकदा नीट बसलं की आणखी मोठं बूच लावून पाणी वाढत नाही, त्रास मात्र वाढतो. आणि पहिल्या गोळीत जमलं नाही म्हणून निकाल लावू नका, डॉक्टर साधारण सहा-आठ वेळा नीट वापरून बघायला सांगतात, योग्य डोसमध्ये, योग्य वेळेला, पोट हलकं असताना.

साईड इफेक्टही ह्याच यंत्रणेतून येतात. पीडीई-फाईव्ह काही फक्त लिंगात नसतं, शरीरभर रक्तवाहिन्यांत असतं. डोक्यातल्या रुंदावल्या की डोकं दुखतं, चेहऱ्यावरच्या रुंदावल्या की कान-गाल लाल आणि गरम, नाकातल्या रुंदावल्या की नाक चोंदतं. अन्ननलिकेच्या तोंडाचा स्नायू सैल पडतो म्हणून जळजळ. काही जणांना सिल्डेनाफिलने तासदोनतास सगळं निळसर दिसतं, त्याचं कारण डोळ्याच्या पडद्यात पीडीई-सिक्स नावाचं भावंड असतं आणि औषध त्यालाही थोडा हात लावतं. टाडालाफिलने कंबर, मांड्या दुखतात कुणाकुणाच्या. हे सगळं उतरतं आपोआप. पण एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं, अचानक ऐकू येईना, किंवा ताठरता चार तासांहून जास्त राहिली तर लाजत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. अडकलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपला की आतला भाग कायमचा खराब होतो, मग कुठलीच गोळी चालत नाही.

आता जे लिहिण्यासाठी मुळात बसलो ते. मध्यंतरी पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ दुकानात आले, गर्दी ओसरेपर्यंत बाहेर बाकड्यावर बसून राहिले, मग आत येऊन हळूच म्हणाले, "ती द्या एक, पॉवरची." चिठ्ठी नव्हती. ही गोळी शेड्यूल एच मधली आहे, चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, पण तो मुद्दा बाजूला ठेवून मी आधी विचारलं, "काका, हार्टचं काही चालू आहे का?" "छे छे, अँजिओप्लास्टी झाली तेव्हापासून एकदम ठणठणीत." आणि शर्टाच्या वरच्या खिशातून एक बारकी प्लास्टिकची डबी काढून दाखवली, "ही फक्त जवळ ठेवतो, छातीत दुखलं तर जिभेखाली." डबीत सॉर्बिट्रेट होती.

सॉर्बिट्रेट, नायट्रोग्लिसरीन, मोनोनायट्रेट ही सगळी नायट्रेट जातीची औषधं शरीरात जाऊन नायट्रिक ऑक्साईडच देतात. म्हणजे हौदाचा नळ एकदम पूर्ण सोडतात, आणि तोही फक्त एका जागी नाही, सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांत. एरवी खालचं भोक उघडं असतं म्हणून पाणी हिशेबात राहतं. पण बूच लावलेलं असताना नळ पूर्ण सुटला तर? सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, बीपी धाडकन खाली येतं, हृदयाला आणि मेंदूला रक्त मिळत नाही, माणूस बसल्या जागी कोसळतो, दगावूही शकतो. नुसत्या सिल्डेनाफिलने वरचं बीपी साधारण 8 ते 10 अंकांनी उतरतं, ते निरोगी माणसाला कळतही नाही, पण नायट्रेटबरोबर किती उतरेल ह्याला काही धरबंध राहत नाही. नायट्रेट आणि माणसाचं नातं जुनंच आहे, आल्फ्रेड नोबेलने ज्या नायट्रोग्लिसरीनपासून डायनामाइट बनवला तेच पुढे त्याच्या हृदयासाठी डॉक्टरांनी त्याला लिहून दिलं होतं, आणि ते शरीरात नायट्रिक ऑक्साईड बनून काम करतं हे कळायला पुढची ऐंशी वर्षं गेली.

काकांना गोळी दिली नाही, कार्डिओलॉजिस्टकडे पाठवलं. हार्ट पेशंटला हे सुख कायमचं बंद असं अजिबात नाही, पुष्कळांना डॉक्टर औषधं बदलून परवानगी देतात, पण ठरवायचं त्यांनी. आणि उलटी वेळही लक्षात ठेवा. गोळी घेतली, संबंधाच्या वेळी छातीत दुखायला लागलं, घरचे घाबरून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतात, किंवा दवाखान्यात काही माहीत नसल्यामुळे तेच देतात. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान 24 तास आणि टाडालाफिल घेतल्यावर निदान 48 तास नायट्रेट देत नाहीत, म्हणून ॲम्ब्युलन्सवाल्याला, इमर्जन्सीतल्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं की ही गोळी घेतलीय, इतक्या वाजता घेतलीय. बायकोला माहीत असायलाच हवं, कारण त्या वेळी बोलणारी तीच असणार. छातीत दुखण्यावरचंच निकोरँडिल नावाचं औषध घेणाऱ्यांनाही हाच नियम. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा बीपीसाठी प्राझोसिन चालू असेल तर चक्कर येऊ शकते, तेही आधी सांगा. बुरशीची इट्राकोनॅझोल, कीटोकोनॅझोल, अँटिबायोटिकपैकी क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ह्यांच्यामुळे लिव्हरमध्ये ही गोळी लवकर मोडत नाही आणि 50 ची गोळी अंगात कितीतरी जास्त होऊन बसते.

इथेच त्या "शंभर टक्के आयुर्वेदिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तीच्या कॅप्सूलबद्दल बोलायला हवं. अशा कॅप्सूल तपासल्यावर त्यात गुपचूप सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घातलेलं सापडल्याच्या घटना जगभर झाल्यात, अमेरिकेचं औषधांवर देखरेख ठेवणारं एफडीए तर अशा मालाच्या याद्याच काढत असतं. अर्ध्या तासात परिणाम करणारी जडीबुटी बघितली की मला आधी हीच शंका येते. पाकिटावर लिहिलेलंच नाही तर हार्टच्या पेशंटला कळणार कसं, तो म्हणतो झाडपाल्याचं आहे, काय होतंय. होतं ते फार वाईट होतं.

शुगरवाल्यांना गोळी कमी लागू का पडते हेही आता तुमच्या लक्षात आलं असेल. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की नसाही खराब होतात आणि रक्तवाहिन्यांचं अस्तरही, म्हणजे नायट्रिक ऑक्साईड बनवणाऱ्या दोन्ही जागा. प्रोस्टेटच्या मोठ्या ऑपरेशननंतर नसा दुखावल्या तरी तेच. नळाची धार थेंबावर आली की बूच कितीही घट्ट असून काय उपयोग. म्हणून साखर आटोक्यात आणणं, सिगारेट-तंबाखू सोडणं, चालणं हे नुसते उपदेश नाहीत, नळ दुरुस्त करायचे ते उपाय आहेत. दारूचंही तसंच, एखाद-दुसऱ्या पेगने भीड जाते, जास्त झाली की नसाच सुस्त पडतात, आणि वर गोळी असेल तर बीपी आणखी उतरतं.

आणखी एक, आणि हे चाळिशी-पन्नाशीतल्या प्रत्येकाने वाचावं असं मला वाटतं. लिंगाच्या रक्तवाहिन्या साधारण 1 ते 2 मिलिमीटरच्या, हृदयाच्या 3 ते 4 मिलिमीटरच्या. अस्तर बिघडायला लागलं, चरबी साचायला लागली की बारीक वाहिनीत आधी अडचण येते. त्यामुळे ताठरता कमी होणं हे कधीकधी हृदयाच्या दुखण्याच्या काही वर्षं आधी येतं. नुसती गोळी घेऊन काम भागवलं तर ही सूचनाच झाकली जाते. डॉक्टरकडे गेलात तर ते बीपी बघतील, उपाशीपोटी शुगर आणि एचबीए1सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल, इच्छाच कमी झाली असेल तर सकाळच्या वेळी टेस्टोस्टेरॉन, आणि तुमच्या चालू गोळ्यांची यादी विचारतील, कारण बीपीच्या आणि डिप्रेशनच्या काही औषधांनीही ताठरता कमी होते. पण त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

एवढं करून गोळी लागू पडलीच नाही तरी रस्ता संपत नाही. व्हॅक्यूम पंप आहे, त्यात हवा ओढून रक्त आत खेचतात आणि मुळाशी रबरी रिंग लावतात. लिंगात टोचायचं अल्प्रोस्टॅडिलचं इंजेक्शन आहे, ऐकून अंगावर काटा येतो पण सुई इन्सुलिनसारखी बारीक असते, आणि ते नायट्रिक ऑक्साईडच्या वाटेने न जाता वेगळ्याच रसायनाच्या वाटेने स्नायू सैल करतं, म्हणून जिथे नळ जवळजवळ बंद पडलाय तिथेही चालू शकतं. त्याचा पहिला डोस दवाखान्यातच देतात, प्रमाण ठरवून देतात आणि टोचायचं कसं ते शिकवतात. आणि शेवटी ऑपरेशन करून लिंगात बसवायचा इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम आधार. ह्या सगळ्यासाठी जायचं युरॉलॉजिस्टकडे, आणि जाताना चालू औषधांच्या सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून न्या, जिभेखाली ठेवायची ती बारकी डबीसुद्धा.